सराव-कुलूप

सराव-कुलूप : किल्लीशिवाय कुलूप उघडण्याची कला शिकताना ज्यावर हात बसवतात ते कुलूप. ते शिकणाऱ्याच्या मालकीचे असावे आणि कुठेही लावलेले नसावे, असा या छंदातला दंडक आहे. त्यामागे नीतीइतकेच व्यवहाराचेही कारण आहे. नवशिक्याच्या हातून जोर जास्त पडतो, आतल्या पिना व स्प्रिंगा बिघडतात आणि मग खरी किल्लीही फिरेनाशी होते. संघटित छंद म्हणून याचा उगम सामान्यतः जर्मनीत मानतात; हँबुर्ग येथील हौशी मंडळ १९९७ मधले आहे.

‘कुलूप’ हा शब्द अरबी ‘कुफ्ल’वरून फारसीमार्गे आला. वाटेत फ आणि ल यांची अदलाबदल होऊन ‘कुल्फ’ झाले. झाकणबंद साच्यात गोठवलेली कुल्फी याच घरातली. वाद आहे तो अरबी शब्दाच्या मुळाचा. जुने कोशकार त्याला अरबी धातूवरून साधतात. दुसऱ्या मतानुसार तो सिरियाक या अरामी भाषेच्या रूपातून आला, तिथे ग्रीकमधून आणि ग्रीकमध्ये लॅटिन ‘कोप्युला’ (बंध, जोड) या शब्दावरून. हे दुसरे मत अधिक पटते. ‘टाळे’ आणि ‘ताला’ संस्कृत ‘तालक’शी जोडले जातात, तर ‘चावी’ पोर्तुगीजांची देणगी. विदर्भात ती ‘चाबी’ होते, हा हिंदीचा शेजार.

सरावासाठी आज जे कुलूप सुचवले जाते ते पिनांचे. त्याचा आद्य नमुना म्हणून खोर्साबाद (इराक) येथील लाकडी कुलपाचा दाखला देतात. ते ४,००० वर्षांपूर्वीचे असल्याचे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. परंतु ज्या राजवाड्याशी त्याचा संबंध जोडतात तो असिरियाचा राजा दुसरा सार्गोन याचा, म्हणजे इ. स. पू. आठव्या शतकाच्या अखेरचा आहे. तेव्हा सुमारे २,७०० वर्षे हा आकडा सुरक्षित. आधुनिक रूप अमेरिकेतील येल पितापुत्रांचे : वडिलांचे एकस्व (पेटंट) १८४८ चे, चपट्या किल्लीची सुधारणा मुलाची, १८६० च्या दशकातली. लिव्हरच्या, म्हणजे पिनांऐवजी आत पातळ पट्ट्या असलेल्या कुलपाची परंपरा वेगळी. रॉबर्ट बॅरन याने १७७८ मध्ये इंग्लंडात त्याचे एकस्व घेतले. १८५१ च्या लंडन प्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज या अमेरिकन कारागिराने चब या इंग्लिश कुलूपकाराचे नावाजलेले लिव्हर कुलूप उघडून दाखवले, आणि ब्रामा या दुसऱ्या कुलूपकाराचे कुलूप १६ दिवसांत पसरलेल्या ५१ तासांच्या खटपटीने.

हा भेद विदर्भातल्या खेड्यात लगेच आडवा येतो. कोठ्याच्या (गोठ्याच्या) दाराला, धान्याच्या कोठीला किंवा मोटारपंपाच्या स्टार्टर पेटीला लावलेले पितळी वा लोखंडी कुलूप बहुधा लिव्हरचे असते. अंगावर ‘६ लिव्हर’, ‘७ लिव्हर’ असे कोरलेले असते. हा आकडा पिनांचा समजून नवशिके फसतात. लिव्हरमध्ये आतल्या पातळ पट्ट्या ठराविक उंचीला आणाव्या लागतात. शिवाय ताण थेट बोल्टवर (कुलूप अडवून धरणाऱ्या दांड्यावर) द्यावा लागतो, आणि त्यासाठी त्याच भोकातून दुसरी वाकडी तार घालावी लागते. पहिल्या धड्याला ते योग्य नाही. ओळख किल्लीवरून पटते. गोल दांड्याच्या टोकाला छोटे पान असेल तर लिव्हर. चपट्या पात्याला एकाच कडेने दाते आणि अंगावर लांब खाचा असतील तर पिना. मोटारसायकलच्या कुलपात पिनांऐवजी पातळ चकत्या असतात.

पिनांच्या कुलपात फिरत्या गाभ्याची (किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाची) भोके यंत्रावर कितीही नेमकी पाडली तरी एका ओळीत येत नाहीत. गाभ्याला किंचित पीळ दिला की एकच पिन आधी अडते. ती उचलली की बारीकशी ‘टक’ बोटाला जाणवते आणि दुसरी अडते. सगळी कला या ‘टक’वर उभी आहे, म्हणून कुलूप निवडताना ती स्पष्ट यावी एवढेच पाहायचे. चार किंवा पाच पिना, रुंद किल्लीभोक आणि किल्लीचे दाते जवळपास सारख्या उंचीचे असावेत. खोल दात्याला लागून उथळ दाता असेल तर मधली पिन गाठताना आकडा (पिन उचलण्याची टोकाला वाकवलेली सळई) शेजारच्या पिनेवर घासतो. डमरूच्या आकाराच्या फसव्या पिना असलेले कुलूप नंतरसाठी ठेवावे. पारदर्शक प्लॅस्टिकचे कुलूप रचना समजायला चांगले, पण त्यात डोळा शिकतो आणि बोट मागे राहते.

सर्वांत सोयीचा तो दाराच्या कुलपाचा सुटा सिलिंडर (किल्ली घालायचा भाग), कारण त्याचा गाभा काढता येतो. एकच पिन ठेवून सुरुवात करावी, मग दोन, मग तीन. खोलण्याचे काम परातीत करावे. सुटलेली स्प्रिंग शेणाने सारवलेल्या जमिनीवर सापडत नाही. सर्व बाजूंनी रिबीट केलेले कुलूप या कामाचे नाही.

घट्ट झालेल्या कुलपात हाताशी असलेले जवसाचे तेल घालण्याची सवय सराव-कुलपाला मारक ठरते. जवसाचे तेल हवेत वाळून चिकट पापुद्रा धरते, त्यात काळ्या मातीची धूळ बसते आणि ‘टक’ बुजते. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

किल्ल्या करून देणे हा आठवडी बाजारातल्या शिकलगारांचा धंदा. कायद्यात कुलूप उघडून केलेले गृह-अतिक्रमण घरफोडीत मोडते. भारतीय दंड संहितेतली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत आली आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीचे साधन सबळ कारणाशिवाय जवळ सापडणे हाही गुन्हा आहे.