ओइजा पाहायचा तर कुठला? २०१४ चा की २०१६ चा?

ओटीटीवर 'ओइजा' हा भयपट शोधला की दोन पोस्टर शेजारी शेजारी येतात. नाव जवळपास एकच, मृतांशी बोलायची ओइजा फळी तीच, निर्मातेही बरेचसे तेच. मित्रमंडळींत कुणी म्हणतं, "फालतू आहे रे, वेळ घालवू नकोस." लगेच दुसरं कुणी म्हणतं, "काय सांगतोस? झोप उडाली माझी." दोघंही खरंच बोलत असतात. फक्त त्यांनी पाहिलेले सिनेमे वेगळे असतात.

पहिला 'ओइजा' ऑक्टोबर २०१४ मध्ये आला, दिग्दर्शक स्टाइल्स व्हाइट. दुसरा 'ओइजा: ओरिजिन ऑफ ईव्हिल' ऑक्टोबर २०१६ चा, दिग्दर्शक माइक फ्लॅनगन. दुसरा नंतर आला असला तरी गोष्ट आधीची सांगतो, आणि घोळाला सुरुवात इथूनच होते. पहिल्यात आजच्या काळातली अमेरिकन हायस्कूलची मुलं आहेत. दुसऱ्यात १९६७ सालचं लॉस एंजेलिस आहे, एक विधवा आई आणि तिच्या दोन मुली. (पुढे दोन्हींतली बरीच गुपितं फुटणार आहेत. पाहायचे असतील तर इथेच थांबलेलं बरं.)

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी: अक्षरं, आकडे, 'हो', 'नाही' आणि 'गुडबाय' छापलेली फळी, आणि तिच्यावर फिरणारी पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची, मध्ये भोक असलेली चकती. सगळ्यांनी तिच्यावर बोटं ठेवायची, प्रश्न विचारायचा आणि चकती कुठल्या अक्षरावर जाते ते पाहायचं. आपल्याकडे कागदावर अक्षरं लिहून वाटी किंवा नाणं फिरवत प्लँचेट करतात, त्याच जातीतलं. फळीचं पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेत एलायजा बॉन्डच्या नावाने निघालं. आज ती हॅस्ब्रो या खेळण्यांच्या कंपनीची आहे आणि दोन्ही सिनेमांच्या निर्मितीतही हॅस्ब्रो आहेच. म्हणजे आपलंच खेळणं किती भयंकर आहे हे कंपनीने दोनदा पैसे घालून सांगितलं. जाहिरात म्हणून वाईट नाही.

२०१४ च्या सिनेमाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. डेबी नावाची मुलगी एकटीच फळीशी खेळते आणि घरात गळफास घेते. तिची जिवलग मैत्रीण लेन (ऑलिव्हिया कुक, पुढे 'हाउस ऑफ द ड्रॅगन'मधली अ‍ॅलिसेंट) चार जणांना जमवून त्याच घरात फळी मांडते, डेबीचा शेवटचा निरोप घ्यायला. उत्तर येतं: 'हाय फ्रेंड'. मग तेच दोन शब्द प्रत्येकाला कुठे ना कुठे लिहिलेले दिसायला लागतात. डेबी म्हणून जी बोलत होती ती डेबी नव्हतीच, हे उघड होतं आणि तिथून एकेकाचा नंबर लागतो. डेबीच्या जाण्याचं दुःख पहिल्या वीस मिनिटांत जे काही दिसेल तेवढंच. नंतर दार आपटतं, आवाज वाढतो, कुणीतरी मागून येतं. कोण कधी मरणार याचा अंदाज आपण बांधत बसतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो.

२०१६ च्या सिनेमात फळी घरात येते तेव्हा त्या घरात भुताटकीचा धंदा आधीपासून चालू असतो, तोही खोटा. अ‍ॅलिस झँडर (एलिझाबेथ रीझर) मृतांशी बोलण्याच्या बैठका घेते आणि तिच्या मुली लपून तिला साथ देतात. टेबल हलतं, मेणबत्त्या विझतात, समोरचं गिऱ्हाईक रडतं. आपण लोकांच्या मनाला दिलासा देतो, फसवत नाही, असं अ‍ॅलिस स्वतःला समजावत असते. नवरा अपघातात गेलाय, घर बँकेच्या घशात जायला आलंय. थोरली लीना मैत्रिणीकडे ही फळी पाहते आणि आईला म्हणते, हिचा बैठकीत उपयोग होईल. फळी घरात येते ती नवं सामान म्हणून.

साल १९६७ निवडलंय तेही उगाच नाही. आदल्याच वर्षी पार्कर ब्रदर्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीने या फळीचे हक्क विकत घेतले होते आणि ६७ मध्ये फळीने खपात मोनोपोली या खेळाला मागे टाकलं होतं. त्यामुळे अ‍ॅलिस ती दुकानातून सहज घेऊन येते हे खोटं वाटत नाही.

मग धाकटी डोरिस (लुलू विल्सन) फळीशी बोलायला लागते आणि तिला खरोखर उत्तरं मिळतात. भिंतीत दडवलेले पैसेसुद्धा सापडतात, घराचा हप्ता फिटतो. इथे सिनेमा जिंकतो. पैसे आले की आई प्रश्न विचारायचं थांबते. डोरिस तापाने फणफणली असती तर अ‍ॅलिसने लगेच डॉक्टर गाठला असता, पण मुलगी दिवंगत नवऱ्याचे निरोप आणतेय म्हटल्यावर तिला थांबवणार कोण?

सिनेमातला माझा सर्वांत आवडता प्रसंग भुताचा नाहीच. शाळेतला पाद्री फादर टॉम (हेन्री थॉमस, लहानपणी 'ई.टी.'मधला मुलगा) आपल्या मृत बायकोशी बोलायला म्हणून येऊन बसतो. डोरिस धडाधड उत्तरं देते. नंतर तो अ‍ॅलिसला बाजूला घेऊन सांगतो, की प्रत्येक प्रश्नाच्या वेळी त्याने मनात मुद्दाम चुकीचं उत्तर धरलं होतं आणि डोरिसने नेमकं तेच चुकीचं सांगितलं. म्हणजे बायको आलीच नव्हती. जे कुणी आलं होतं ते त्याचं मन वाचत होतं. ना संगीत, ना किंचाळी, दोन माणसं शांतपणे बोलतायत, आणि अंगावर काटा येतो.

दुसरा प्रसंग डोरिसचा. लीनाच्या मित्राला ती विचारते, गळा आवळून मरताना काय वाटतं माहितेय का, आणि मग पायरी पायरीने, हसऱ्या चेहऱ्याने सांगत जाते. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून फारसा हलत नाही.

फ्लॅनगनने जुन्या सिनेमाचा आवही छान आणलाय. सुरुवातीला युनिव्हर्सलचं जुनं बोधचिन्ह येतं आणि मधेमधे पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात रीळ बदलण्याची खूण चमकून जाते. सिंगल स्क्रीनवर सिनेमे पाहिलेल्यांना ती लगेच ओळखू येईल. शेवटची पंधरावीस मिनिटं मात्र पहिल्या सिनेमाशी सांधा जुळवण्यात जरा गडबडतात.

आणि सांधा पूर्ण जुळतही नाही. २०१४ च्या सिनेमात लेनला भेटलेली म्हातारी पॉलिना सांगते की डोरिसचं तोंड आईने शिवलं. २०१६ मध्ये आपण डोळ्यांनी पाहतो की ते लीनाने शिवलं. आणि लीना म्हणजेच पॉलिना. म्हातारी खोटं बोलली असं धरलं तर निभावतं, कारण ती एरवीही लेनला फसवतेच.

पैशाचं गणित उलटं आहे. पहिला सुमारे ५० लाख डॉलरमध्ये झाला आणि जगभरात १० कोटींच्या वर कमावून गेला. दुसऱ्याचा खर्च ९० लाखांच्या आसपास, कमाई ८ कोटींच्या घरात. समीक्षकांनी पहिल्याला झोडपलं, दुसऱ्याचं कौतुक केलं. पहिल्याचं यश नसतं तर दुसऱ्याला पैसे मिळाले नसते, तेव्हा त्याचे तेवढे उपकार मानायचे. 'अ‍ॅनाबेल'चंही असंच झालं: २०१४ चा सुमार, २०१७ चा 'क्रिएशन' बरा, आणि त्यातही लुलू विल्सन आहेच.

एकच पाहायचा तर २०१६ चा. दोन्ही पाहायचे तरी तोच आधी, कारण शिवलेल्या तोंडाचं गुपित २०१४ चा सिनेमा फोडून टाकतो. अडचण एवढीच, की २०१६ च्या श्रेयनामावलीनंतर एका इस्पितळात एक म्हातारी दिसते आणि पहिला न पाहिलेल्यांना ती कोण ते कळत नाही. ती वयस्क पॉलिना, म्हणजे लीनाच. भूमिका लिन शे यांची, 'इन्सिडियस' या भयपटमालिकेतल्या एलिस त्याच.