अल्फार्ड लावा आणि ३८ मिनिटं थांबा

एनजीसी ३११५ ही भिंगाकार दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) खान्देशातून पाहायची तर फाल्गुन अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. चंद्राचा उजेड नसतो आणि दीर्घिका दक्षिणेला ६१ अंश उंच चढते, त्यामुळे धूळ आणि जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर बराचसा खाली राहतो. जळगाव-भुसावळच्या दिव्यांपासून दूर, यावल-रावेरकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जावं.

मार्चच्या मध्यावर रात्री १०:२० च्या सुमारास वासुकी तारकासमूहातला नारिंगी तारा अल्फार्ड दक्षिणेला सर्वांत उंच असतो. ही वेळ रोज ४ मिनिटांनी अलीकडे येते. २०० मिमी आरशाच्या, १२०० मिमी नाभीय अंतराच्या डॉब्सोनियन दुर्बिणीला २५ मिमीची प्लॉसल नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावली की सुमारे १ अंश आकाश दिसतं. अल्फार्ड बरोबर मध्यावर आला की घड्याळ लावा आणि नळी फक्त वर उचला. ज्या कडेनं नवे तारे आत येतात, तिथला एक तारा मध्यावर आणा. हेच पुन्हा एकदा करा. झाला १ अंश; दीर्घिका अल्फार्डपेक्षा साधारण तेवढीच वर आहे. आता हात लावू नका. दीर्घिका अल्फार्डच्या साडेसदतीस मिनिटं मागून येते. पृथ्वीच फिरून ती नेत्रिकेत आणते आणि ती जेमतेम ४ मिनिटं टिकते.

ही वाट पाहणं वाया जात नाही. तेवढ्यात डोळे अंधाराला सरावतात, आरसाही निवतो. पण मोबाइल एकदा उघडला की डोळ्यांची तयारी पुसली जाते. गच्चीवर मांडणं टाळाच: दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो आणि प्रतिमा थरथरते. शेताच्या मातीवर तो त्रास कमी. वर उचलताना नळी बाजूला सरकली, तर वेळ आणि जागा दोन्ही चुकतात.

दिसते ती चातीवर गुंडाळलेल्या सुतासारखी, दोन्ही टोकांना निमुळती. विल्यम हर्षलनं ती २२ फेब्रुवारी १७८७ रोजी शोधली. आपल्याला तिची तबकडी कडेनं दिसते, उभ्या धरलेल्या मसुराच्या दाण्यासारखी. तबकडी असूनही तिच्यात सर्पिल भुजा नाहीत. नवे तारे घडवणारा थंड वायू जवळपास संपलाय, उरलेत ते मुख्यतः म्हातारे तारे. केंद्राजवळचे तारे इतक्या वेगानं फिरतात की, तिथं सुमारे १०० कोटी सूर्यांच्या वस्तुमानाचं कृष्णविवर असावं, असं १९९२ मध्ये मोजमापातून दिसलं.

हा प्रकाश निघाला सुमारे ३.२ कोटी वर्षांपूर्वी. पायाखालचा खान्देशी काळा पाषाण तेव्हा थिजूनही ३ कोटी वर्षं उलटली होती.

दीर्घिका सापडली की १० मिमीची नेत्रिका लावा. १२० पटीत मधला तेजस्वी गाभा आणि त्याला छेदणारी बारीक रेघ वेगळी ओळखू येते.