मुंबई पालिकेच्या शाळा कोणालाच नकोत?

‘पालिकेच्या शाळेत आता कोणी पोरं घालत नाही’ हे मुंबईत वर्षानुवर्षं ऐकू येतं. ते खरं नाही. मराठी माध्यमाचा पट घसरलाय, आणि त्याचं मनापासून दुःख आहे. पण जोगेश्वरीच्या पूनमनगरात 2020-21 पासून पालिकेने सीबीएसईची शाळा सुरू केली, तेव्हा जागांपेक्षा अर्ज जास्त आले, प्रवेश सोडतीने द्यावे लागले. म्हणजे पालकांचा राग पालिकेवर नाही. त्यांना इंग्रजी हवं आहे. खऱ्या अडचणी वेगळ्याच. आठ भाषांतून शाळा चालवायच्या, त्यात शिक्षकांना निवडणूक आणि जनगणनेच्या कामाला जुंपायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 मध्येच तशी मुभा आहे, आणि तेवढे दिवस वर्ग शिक्षकाविना राहतो.