उलटलेल्या गाडीतली जागा

जानेवारी 2020 मध्ये मोंटे कार्लो मोटर रॅलीत शर्यतचालक ओट टॅनाकची ह्युंदाई गाडी ताशी 180 किलोमीटरच्या आसपास वेगात असताना रस्ता सोडून गेली आणि उतारावरून कोलांट्या खात खाली आली. गाडीच्या पत्र्याचा पार चुराडा झाला होता. टॅनाक आणि त्याचा सहचालक मार्टिन यार्वेओया मात्र त्यातून आपल्या पायांनी बाहेर पडले. पट्टे आणि हेल्मेट होतेच, पण माणूस बसतो ती जागा शाबूत ठेवली पत्र्याच्या आत बसवलेल्या पोलादी पाइपांच्या सांगाड्यानं. त्यालाच रोल केज म्हणतात.

पूर्ण गाडी वाचवायची असा या सांगाड्याचा हट्ट नसतो. बोनेट चेपलं, चाक निखळलं तर बरंच, कारण आदळण्याची ऊर्जा तिथं खर्च होते. डोकं, छाती आणि पाय यांच्याभोवतीची पोकळी तेवढी आक्रसता कामा नये. त्यासाठी सीटच्या मागे एक मोठी कमान उभी करतात, दुसरी समोरच्या काचेच्या कडेनं नेतात आणि दोन्ही छतापाशी जोडतात. मागच्या कमानीला तिरपे टेकू देतात, तिच्यात कर्णरेषेत एक पाइप घालतात आणि दारांत आडवे-तिरपे पाइप टाकतात.

सगळं गणित या तिरप्या पाइपांत आहे. रानडुकरांच्या जागलीसाठी वावरात मचाण बांधणारा शेतकरी चार बल्ल्या उभ्या करून थांबत नाही, त्यांना तिरप्या बल्ल्याही आवळतो. नाहीतर पहिल्याच वादळात मचाण एका अंगाला कलतं. चौकोनाची एकही बाजू लांब किंवा आखूड न होता तो तिरपा होऊ शकतो. त्रिकोणाचं तसं नाही. त्याचा आकार बिघडवायचा तर एखादी बाजू ताणावी किंवा दाबावीच लागते, आणि लांबीच्या दिशेनं ताण-दाब सोसण्यात पोलादी पाइप फार चिवट असतो.

मात्र दाबाखाली लांब पाइप मधोमध बाजूला वाकतो. न वाकता तो किती दाब सोसेल, ही मर्यादा लांबीच्या वर्गानुसार घटते. म्हणून दोन्ही टोकांना धरलेल्या पाइपाला बरोबर मध्यावर पक्का आधार दिला, तर तो वाकायला चौपट जोर लागतो.

पाइप पोकळ का, भरीव सळी का नको? आंतरराष्ट्रीय मोटर स्पर्धांचे नियम ठरवणारी एफआयए मुख्य कमानीसाठी 45 मिलिमीटर व्यासाचा, 2.5 मिलिमीटर जाडीचा, शिवण नसलेला पोलादी पाइप मागते. त्याचं वजन मीटरला सुमारे 2.6 किलो. तेवढ्याच वजनाची भरीव सळी जेमतेम साडेवीस मिलिमीटर व्यासाची होईल. वाकण्याला पाइपाचा विरोध तिच्या साधारण साडेआठ पट असतो, कारण मध्यापासून दूर असलेलं पोलाद वाकण्याशी जास्त जोमानं झुंजतं. वजनाची ही काटकसर फार मोलाची. केजचा मोठा भाग वर, छताजवळ असतो, आणि तिथला प्रत्येक किलो गाडीचा गुरुत्वमध्य उंचावतो. ज्यानं उलटल्यावर वाचवायचं, त्यानंच गाडी उलटायला मदत करायची, हे कसं चालेल?

एफआयएच्या प्रमाणीकरण चाचणीत गाडीच्या वजनात 150 किलो मिळवून येणाऱ्या आकड्याच्या साडेसात पट भार मुख्य कमानीवर उभा टाकतात. 1200 किलोची गाडी धरली, तर हा भार दहा टनांच्या वर जातो.

एवढं गणित बरोबर आलं तरी केज फसतो तो सांध्यावर. तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या, गेट आणि शेडच्या कैच्या बनवणाऱ्या वेल्डरचा हात सफाईदार असतो, यात शंका नाही. पण गेटच्या पाइपांत फट राहिली, तर ती वेल्डिंगनं भरून काढता येते. केजमध्ये पाइपाच्या टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच घेऊन तो दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर चहूबाजूंनी टेकवावा लागतो. वेल्डच्या कडेची धातू उष्णतेनं बदललेली असते आणि तडा बहुधा तिथूनच सुरू होतो. वाकवण्याचंही तसंच. पाइपात वाळू भरून, लाल होईपर्यंत तापवून वाकवायची आपल्याकडची रीत इथं चालत नाही. नियमानुसार पाइप थंडच वाकवायचा आणि वळणाची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. पाया हा आणखी एक नाजूक भाग. कमानीचा पाय नुसत्या फ्लोअरच्या पत्र्यावर ठेवला, तर तो पत्रा फाडून खाली जाईल. म्हणून प्रत्येक पायाखाली किमान 120 चौरस सेंटिमीटरची, 3 मिलिमीटर जाडीची प्लेट लागते.

विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं बाहा या खडबडीत वाटांवरच्या गाड्यांच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी केज असलेल्या गाड्या बनवतात. तिथल्या नियमात हेल्मेट आणि पाइप यांच्यात सहा इंच जागा सोडावी लागते. हे अंतर मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पिकअपला आणि जीपला हौसेनं पाइप बसवून घेणारे ते विसरतात. हेल्मेट न घातलेलं डोकं किरकोळ धडकेतही आतल्या पाइपावर आदळलं, तर कवटी फुटू शकते. रोजच्या गाडीत रोल केज बसवू नये, असं मी ठामपणे म्हणेन.

गावात या शास्त्राची खरी निकड आहे ती ट्रॅक्टरला. धुऱ्यावरून किंवा नाल्याच्या काठावरून कलंडणारा ट्रॅक्टर वेगात नसतो, तरी चालकाला उडी मारायला वेळ मिळत नाही. ओढण्याची साखळी मागच्या आसाच्या वर अडकवली आणि चाक रुतलेलं असलं, तर पुढचं तोंड वर उचलून ट्रॅक्टर दीड-दोन सेकंदांत मागे उलथू शकतो. स्वीडननं 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना संरक्षक कमान सक्तीची केली. तिथं 1957 मध्ये दर लाख ट्रॅक्टरांमागे उलटून होणारे मृत्यू 17 होते, ते 1990 पर्यंत 0.3 वर आले. इतक्या साध्या वस्तूनं इतके जीव वाचत असतील, तर तिची मागणी शेतकऱ्यानंच लावून धरायला हवी.

उन्हासाठी लावलेलं छत म्हणजे ही कमान नव्हे. त्याचे बारीक पाइप ट्रॅक्टरच्या वजनाखाली मुडपतात. खरी कमान मागच्या आसाच्या भक्कम कवचावर (हाउसिंगवर) बोल्टनं बसवलेली असते आणि तिची भार टाकून चाचणी झालेली असते. घरी वेल्डिंग करून ती बनवू नये, तिला भोकंही पाडू नयेत. एकदा उलटून वाकलेली कमान सरळ करून वापरू नये, बदलावी. दुमडता येणारी असेल तर झाडाखालून गेल्यावर पुन्हा उभी करावी. कमान उभी असताना सीटचा पट्टा बांधायचाच, नाहीतर चालक फेकला जाऊन कमानीखालीच सापडू शकतो. कमान नसलेल्या किंवा दुमडून ठेवलेल्या ट्रॅक्टरवर मात्र पट्टा बांधू नये.