गुग्गुळ

(सं. गुग्गुलु, महिषाक्ष, पलंकष, हिं. गूगल, गु. गुगळ, लॅ. कॉमिफोरा वायटी, कुल – बर्सेरेसी). ग्वाल्हेरच्या उत्तरेस मुरैना व भिंड जिल्ह्यांतील चंबळच्या बीहडात (नदीकाठच्या घळींच्या प्रदेशात), तसेच राजस्थान, गुजरात, सिंध व बलुचिस्तानच्या कोरड्या भागांत वाढणारे काटेरी झुडूप. खोडातून पाझरणाऱ्या त्याच्या सुगंधी डिंकालाही गुग्गुळच म्हणतात. उंची साधारण १ ते ३ मी. फांद्या वेड्यावाकड्या असून टोकाशी काट्यासारख्या होतात. पाने लहान, बहुधा त्रिदली. पावसाळा सरल्यावर गळतात. म्हणून काटेकोर अर्थाने हे झुडूप सदापर्णी नव्हे. मात्र खोडावरचा कागदासारखा पापुद्रा नखाने सोलला की खाली हिरवा थर दिसतो. पाने नसतानाही अन्न तयार करण्याचे काम हा थर करतो. वैशाखात जळाऊ काटकी वाटणारे झुडूप जिवंत असते ते असे.

शास्त्रीय नावाचा घोळ मोठा आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ आर्नट यांनी १८३९ मध्ये जातिनाम ‘वायटी’ ठेवले. १८४९ मध्ये स्टॉक्स यांच्या लेखातून ‘मुकुल’ हे नाव पुढे आले आणि औषधिग्रंथांत शतकभर तेच चालले. अग्रक्रमाच्या नियमानुसार (आधी प्रसिद्ध झालेले नाव ग्राह्य) जुने नाव वनस्पतिशास्त्रज्ञ भंडारी यांनी १९६० च्या दशकात पुन्हा प्रस्थापित केले. ‘मुकुल’ म्हणजे कळी हा अर्थ येथे लावू नये. तो अरबी ‘मुक्ल’ या डिंकवाचक शब्दाचा अवशेष दिसतो.

प्राचीन उल्लेखांबाबत मतभेद आहेत. अथर्ववेदात (१९.३८) यक्ष्मा (क्षयासारखा रोग) दूर ठेवणाऱ्या गुग्गुलूचा गंध वर्णिला असून तो ‘सैंधव’ किंवा ‘समुद्रिय’ असल्याचे म्हटले आहे. ‘सैंधव’ म्हणजे सिंधूकाठचा, हा अर्थ या झुडपाच्या प्रसाराशी जुळतो. ‘समुद्रिय’ वरून काही अभ्यासक अरबस्तानातून येणाऱ्या डिंकाचा तर्क करतात, तर काहींच्या मते तो फक्त किनाऱ्यावरच्या व्यापाराचा निर्देश आहे. दुसरे मत अधिक सावध वाटते. ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी व्यापारवर्णनात (बहुधा इ. स. पहिले शतक) सिंधूमुखावरील बार्बरिकॉन व भडोच येथून निर्यात होणाऱ्या मालात ‘डेलियम’ आहे. ते गुग्गुळच, असे बहुतेक मानतात. पण प्राचीन लेखक एकाच नावाखाली अनेक डिंक घालत असल्याने हे समीकरण सर्वत्र लावता येत नाही.

सुश्रुताने नवा गुग्गुळ पुष्टिकर आणि जुना लेखन, म्हणजे मेद खरवडणारा, असा भेद केला. त्याच धाग्यावरून १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठातील सत्यवती यांच्या प्रबंधात डिंकाचा रक्तातील मेदावर होणारा परिणाम तपासला गेला व १९८६ मध्ये डिंकापासून केलेल्या ‘गुग्गुलिपिड’ या औषधाला भारतात विक्रीची परवानगी मिळाली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत मात्र कोलेस्टेरॉल उतरले नाही. मागणी त्यानंतरही टिकून आहे.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातील जुन्या मराठी घरांत दिवेलागणीला निखाऱ्यावर गुग्गुळ टाकतात. बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाबरोबर त्याची धुरी देतात. बाजारातला खडा पुष्कळदा साळई या दुसऱ्या झाडाचा असतो. मध्य प्रदेशातील श्योपूरकडील रानांत साळई विपुल आहे आणि तिच्या डिंकालाही ‘सलई गूगल’ म्हणतात, त्यामुळे गल्लत होते.

ऱ्हास : आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत २०१५ पासून ही जाती ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. बीहड सपाट करून शेती करणे, सरपणासाठी तोड, चराई आणि घळींत पसरलेली विलायती बाभूळ ही कारणे खरी आहेत. पण सर्वांत घातक आहे ती डिंक काढण्याची घिसाडघाई. झुडूप पाझरण्याजोगे व्हायला ८ ते १० वर्षे लागतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत खोडाला उथळ चीर दिली, तर एका झुडपापासून साधारण २०० ते ५०० ग्रॅ. डिंक मिळतो आणि ते पुढेही जगते. एकाच हंगामात अधिक पाझर मिळावा म्हणून खोल घाव घालून त्यात जनावराचे मूत्र व मोरचूद यांचा लेप भरतात. डिंक भरभरून येतो खरा, पण बऱ्याचदा झुडूप वाळून मरते. अवर्षणात तग धरणाऱ्या या वनस्पतीचा असा शेवट होणे फार क्लेशकारक आहे.

मेलेल्याची जागा लवकर भरत नाही. बहुतेक झुडपे मादी असतात, नर क्वचित. परागाशिवायही बी धरते, हे १९९० च्या दशकातील अभ्यासांत दिसून आले. अशी रोपे आईची हुबेहूब प्रत असतात, त्यामुळे जनुकीय विविधता मर्यादित राहते. बीही कमी रुजते. लागवडीसाठी म्हणून फाटे कलम वापरतात, परंतु त्यातूनही तीच प्रत वाढते. तेव्हा बीहडात जेथे नर झुडूप सापडेल तेथे चीर न देता ते राखणे, आणि कलमांसाठी फाटे निरनिराळ्या घळींतून घेणे आवश्यक ठरते.