इजेनच्या विवर-सरोवराची चढाई: पुण्याहून निघताना लागणारी कागदपत्रं आणि परवानग्या

कावाह इजेन हा इंडोनेशियात, जावा बेटाच्या पूर्व टोकाजवळचा जागृत ज्वालामुखी. त्याच्या विवरात जवळपास एक किलोमीटर रुंदीचं निळसर-हिरवं सरोवर आहे. पाण्याचा सामू (पीएच) 0.5 पेक्षाही कमी, म्हणजे ते अतितीव्र आम्लच. चढाई जिथून सुरू होते त्या पालतुडिंगच्या फाटकापासून विवराच्या काठापर्यंत साधारण 3 किलोमीटर वाट आणि 500 मीटरच्या आसपास चढ. आतकरवाडीतून सिंहगड नियमित चढणाऱ्याच्या पायांना हे जड नाही. मात्र फाटकच सुमारे 1,850 मीटरवर, कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच आहे, वाट अंधारात चढायची असते आणि वर गंधकाचा वायू असतो. त्यामुळे इथे व्हिसाइतकंच आरोग्याच्या दाखल्याला महत्त्व आहे.

आधी चढाईची तारीख ठरवा, मग मागे मोजत या. दर महिन्याचा पहिला शुक्रवार इजेन पर्यटकांसाठी बंद असतो. विमानाची तिकिटं काढून झाल्यावर हे लक्षात आलं, तर सगळा बेत एक दिवस पुढेमागे ढकलावा लागतो.

पासपोर्ट

इंडोनेशियात उतरता त्या दिवशी पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. कमी असेल तर विमान कंपनी इथेच, चेक-इनलाच थांबवते. पुणेकरांनी पासपोर्ट सेवा पोर्टलवर ‘री-इश्यू’चा अर्ज भरून मुंढव्याच्या केंद्राची वेळ घ्यावी. 36 पानांच्या पासपोर्टला 1,500 रुपये, तत्काळसाठी वर 2,000. जुना पासपोर्ट मूळ स्वरूपात न्या, सोबत त्याच्या पहिल्या आणि शेवटच्या दोन-दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती. भाड्याच्या घरात राहत असाल आणि पत्ता बदलला असेल, तर नोंदणीकृत भाडेकरार जोडा. नोटरी केलेल्या करारावर विसंबू नका. पोलिस पडताळणीला तुम्ही त्या पत्त्यावर सापडला नाहीत, की अर्ज तिथेच अडकतो.

व्हिसा

भारतीय पासपोर्टवर ‘व्हिसा ऑन अरायव्हल’ मिळतो: 5,00,000 रुपिया (इंडोनेशियाचं चलन), 30 दिवस, आणि आणखी 30 दिवसांसाठी एकदाच वाढवता येतो. तो विमानतळावरच्या खिडकीवर घेता येतो, पण आधी ऑनलाइन काढलेला बरा, रांग वाचते. ऑनलाइन काढलात तर मिळाल्यापासून 90 दिवसांत प्रवेश करावा लागतो, म्हणून फार आधी काढू नका. लागणाऱ्या गोष्टी अशा: पासपोर्टच्या माहितीपानाची स्वच्छ प्रतिमा, अलीकडचा फोटो, परतीचं तिकीट, ईमेल आणि कार्ड.

अर्ज बहुधा दोन ठिकाणी फसतो. पहिलं नाव. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. ते तिकिटावर गाळायचं आणि व्हिसावर लिहायचं असं करू नका, दोन्हीकडे पासपोर्टबरहुकूम लिहा. दुसरं कार्ड. भारतीय कार्डांवर परदेशी ऑनलाइन व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू केल्याशिवाय पैसे जात नाहीत. अर्ज फक्त ‘गो डॉट आयडी’ने संपणाऱ्या सरकारी संकेतस्थळावर करा. हुबेहूब दिसणारी खासगी संकेतस्थळं वरचे पैसे लावतात.

हा व्हिसा एकाच प्रवेशाचा आहे. मध्ये सिंगापूरला जाऊन परत यायचं असेल तर दुसरा काढावा लागेल. उतरल्याचा दिवस पहिला धरतात, आणि मुदत ओलांडली तर दर दिवशी 10,00,000 रुपिया दंड.

पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ‘ऑल इंडोनेशिया’ हे प्रवेश-जाहीरपत्र ऑनलाइन भरून क्यूआर कोड जवळ ठेवा. बालीत उतरणाऱ्यांना 1,50,000 रुपियांचा पर्यटक-कर वेगळा, तो व्हिसाच्या पैशांत धरलेला नसतो. जावावरच्या सुराबायाला उतरून रेल्वेने इजेनजवळच्या बान्युवांगी शहराला गेलात आणि बालीत पाऊल ठेवलं नाहीत, तर हा कर लागू होत नाही.

इजेनचं तिकीट आणि आरोग्य दाखला

तिकीट आधी ऑनलाइन काढावं. परदेशी पर्यटकांचा दर वेगळा असतो. नोंदणी पासपोर्ट क्रमांकावर होते, म्हणून तो नीट तपासा.

2024 पासून चढाईला आरोग्य दाखला सक्तीचा आहे. पुण्याच्या डॉक्टरचं पत्र नेण्यापेक्षा बान्युवांगीतल्या दवाखान्यात आदल्या दिवशी तपासून घ्यावं हे उत्तम; दाखला ताजा असतो आणि फाटकावरच्या माणसाला त्याच्याच भाषेत वाचता येतो. तपासणी रक्तदाब, नाडी अशी साधीच असते. तिला औपचारिकता समजू नका. दमा, हृदयविकार किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल, गरोदरपण असेल, तर दाखला मिळत असला तरी जाऊ नये. मार्च 2018 मध्ये विवरातून अचानक वायू सुटला तेव्हा खालच्या गावांतल्या लोकांनाही रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

कापडी किंवा एन-95 मास्क धूळ अडवतो, वायू नाही. फाटकाजवळ भाड्याने मिळणारा डबी असलेला गॅस मास्कच घ्या. आधी लावून पाहा, कडेने हवा येत असेल तर बदलून मागा. कॉन्टॅक्ट लेन्स न लावता चष्मा वापरा. वाऱ्याची दिशा बदलून धूर अंगावर आला, तर फोटो सोडून लगेच मागे फिरा.

निघायच्या आदल्या संध्याकाळी ‘मॅग्मा इंडोनेशिया’ या सरकारी संकेतस्थळावर ज्वालामुखीच्या धोक्याची पातळी पाहा. पातळ्या चार, वाढत्या धोक्याच्या क्रमाने: नॉर्मल, वास्पादा, सियागा, आवास. नॉर्मलच्या वर गेली की विवराजवळ जाण्यावर बंधनं येतात, आणि मग तिकीट-दाखला हाती असूनही काठ गाठता येत नाही. विमा घेताना ज्वालामुखीवरच्या चढाईचा खर्च धरला आहे का, हे कंपनीकडून लेखी घ्या. अनेक पॉलिसी साहसी खेळ वगळतात.

बालीहून येणाऱ्यांसाठी एक सूचना. बालीतलं गिलिमानुक बंदर ते जावावरचं केतापांग बंदर या फेरीला तासाभराच्या आसपास लागतो, पण जावाचं घड्याळ बालीपेक्षा एक तास मागे आहे. गाडीवाल्याने ठरवलेली वेळ कुठल्या बेटाची, हे त्याला विचारूनच गजर लावा, आणि मूळ पासपोर्ट हॉटेलात न ठेवता सोबत घ्या.