झंद–काजार संघर्ष

झंद–काजार संघर्ष : (१७७९–९४). इराणच्या तख्तासाठी झंद आणि काजार या दोन घराण्यांत झालेला लढा. नादिरशहाच्या खुनानंतर (१७४७) माजलेल्या बेबंदशाहीतून करीमखान झंद पुढे आला. शिराझहून त्याने बहुतेक इराणवर राज्य केले; पण ‘शाह’ ही पदवी न घेता तो स्वतःला ‘वकील’ (प्रतिनिधी) म्हणवीत असे. काजारांचा प्रमुख मुहंमद हसनखान १७५९ मध्ये मारला गेला. त्याचा मुलगा आगा मुहंमदखान करीमखानाकडे ओलीस होता. लहानपणीच नादिरशहाच्या पुतण्याने त्याचे खच्चीकरण करविले होते. प्रतिस्पर्ध्याला जिवंत ठेवून गादीच्या वाटेतून दूर करण्याचे हे दोन उपाय, खच्ची करणे नाहीतर डोळे काढणे, तेथे नित्याचे होते. आगा मुहंमदाच्या बाबतीत पहिला उपाय फसला.

करीमखान १७७९ मध्ये वारला, तेव्हा आगा मुहंमद शिराझहून निसटून कॅस्पियन किनाऱ्यावरील माझंदरान प्रांतात पोहोचला. इकडे झंदांची भाऊबंदकी पेटली : दहा वर्षांत जकीखान, सादिकखान, अलीमुरादखान, जाफरखान असे एकामागून एक सत्तेवर आले नि गेले. भावांशी भांडण काजारांतही होते. आगा मुहंमदाने ते निष्ठुरपणे मिटवले. त्याच्यासाठी लढलेला भाऊ जाफर कुलीखान यालाही त्याने ठार करविले. १७८६ मध्ये त्याने तेहरान राजधानी केली.

जाफरखानाचा मुलगा लुत्फ अलीखान (कार. १७८९–९४) शूर होता, पण माणसे राखणे त्याला जमले नाही. १७९१ मध्ये तो मोहिमेवर असताना शिराझचा कलांतर (नगरप्रमुख) हाजी इब्राहिम याने शहर ताब्यात घेतले आणि धन्याला वेशीबाहेर ठेवले. खरा निकाल इथेच लागला, पुढचे केवळ पाठलाग. १७९४ मध्ये दीर्घ वेढ्यानंतर केरमान पडले. तेथे वीस हजार डोळे काढल्याची कथा सांगतात. आकडा फुगवलेला असेल, क्रौर्य मात्र खरे. लुत्फ अली बम येथे पकडला गेला. त्याला आंधळे करून तेहरानला मारले. नादिरशहाने दिल्लीहून नेलेला दर्या-ए-नूर हिरा त्याच्याकडून काजारांच्या हाती गेला. करीमखानाची हाडेही उकरून तेहरानच्या राजवाड्याच्या उंबऱ्याखाली पुरण्यात आली.

आगा मुहंमद १७९६ मध्ये शाह झाला आणि पुढच्याच वर्षी शुशा येथे नोकरांकडून मारला गेला. पुतण्या फतह अली शाह गादीवर आला. काजारांनीच वजीर केलेल्या हाजी इब्राहिमला त्याने १८०१ मध्ये ठार करविले.